कसरतीचें पहिलें विमान

पोलादपुराहून आमच्या एका आप्तांनीं विचारिलें आहे कीं, घरांतील मुलगा दहावीच्या परीक्षेंत चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाला असून त्याला बक्षीस म्हणून रेडिओनें चालणारें, आकाशांत कोलांट्या घेणारें विमान हवें आहे. तर तें कोणतें घ्यावें? त्याचे मोठे काका मुंबईस असतात. त्यांनीं दुसऱ्या महायुद्धांतील एका लढाऊ विमानाची हुबेहूब प्रतिकृति दुकानांत पाहून ठेविली आहे. आजोबांचें म्हणणें, विमान मुळींच नको. मुलाची आई म्हणते, घ्या, परंतु महिन्याभरांत माळ्यावर जाऊन पडेल असें घेऊं नका. या तिन्ही मतांत आईचें मत आम्हांस सर्वांत विचारार्ह वाटतें, आणि त्याच अनुरोधानें या महिन्याचें हें सदर लिहीत आहों.

कोंकणांतल्या जुन्या घराच्या माळ्यावर काय काय सांपडतें याची यादी करण्याचें कारण नाहीं. अलीकडे त्यांत या विमानांची भर पडूं लागली आहे. गोष्ट बहुधा एकाच तऱ्हेनें घडते. महागडें विमान येतें. सारें घर शेताच्या बांधावर जमतें. तिसऱ्या-चौथ्या मिनिटास तें नाकावर आपटतें आणि पंख मुळापासून निखळतो. दुरुस्तीस मुंबई-पुण्याची वाट धरावी लागते, आणि इकडे प्रत्येक पंगतीस त्याची किंमत निघते. मुलगा कांहीं बोलत नाहीं. पुढें तो विमानाचें नांवही काढीत नाहीं. कसरत शिकतांना विमान पडणारच, त्याचें फारसें दुःख करूं नये. पण शिकणेंच थांबलें तर तें नुकसान कोणत्याही दुकानांत भरून मिळत नाहीं. यास्तव निवड करतांना पहिला प्रश्न हा विचारावा कीं, हें विमान या रविवारीं पडलें तर पुढच्या रविवारीं उडेल काय?

मुलगा गेलें दीड वर्ष साधें शिकाऊ विमान उडवीत आहे, हें पत्रांत ओघानें आलें आहे, म्हणूनच पुढील मजकूर लिहितां येतो. ज्याला साधें विमान वर नेऊन, चौफेर फिरवून, वाऱ्याकडे तोंड करून पायाशीं उतरवितां येत नाहीं, त्यानें कसरतीचें नांव काढूं नये.

आजोबांच्या आक्षेपास मात्र आधीं उत्तर दिलें पाहिजे. हा पोरखेळ आहे, असें ते म्हणतात. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागांत विमानांच्या प्रतिकृति बनविणें व उडविणें हा शिक्षणाचा भाग आहे आणि अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरांत त्याच्या स्पर्धा होतात, एवढें सांगितल्यानें त्यांचें समाधान व्हावें. रेडिओच्या विमानांच्या कसरतींची पहिली जागतिक स्पर्धा १९६० सालीं स्वित्झर्लंडांत झाली. म्हणजे हा खेळ आतां साठीं उलटलेला आहे. त्यांतूनही समाधान न झाल्यास नेस्तेरोव्ह याची हकीकत ऐकवावी. १९१३ सालीं कीव्ह येथें या रशियन वैमानिकानें खऱ्या विमानांतून आकाशांत पहिलें उभें वर्तुळ काढलें, आणि सरकारी मालमत्ता धोक्यांत घातल्याबद्दल वरिष्ठांनीं त्याला दहा दिवसांची कैद सुनावली. पुढें त्याच पराक्रमासाठीं त्याचा गौरवही झाला. आजोबांना कैदेचा भाग आवडेल, नातवाला गौरवाचा.

आतां मूळ प्रश्न. शिकाऊ विमान आणि कसरतीचें विमान यांत रंगरूपाचा भेद थोडा, स्वभावाचा फार. शिकाऊ विमानाचे पंख पाठीवर बसविलेले असतात व दोन्ही टोंकें किंचित् वर उचललेलीं असतात. यामुळें विमान एका कुशीवर कललें व मुलानें हात सोडला, तर तें आपलें आपण समतोल होतें. पंखाचा आडवा छेद पाहिला तर वरची बाजू फुगीर व खालची जवळजवळ सपाट दिसते. असला पंख सरळ उडतांना चांगला उचलून धरतो, पण विमान उताणें केलें कीं कुरकुरतो. ज्यानें शिकाऊ विमानावर हात बसविला, त्याची स्थिति छापील अन्वय व भाषांतर पुढें ठेवून रघुवंश वाचणाऱ्या विद्यार्थ्यासारखी असते. अर्थ लागतो, परंतु तो आपण लावला कीं पुस्तकानें, हें त्याचें त्यालाही सांगतां येत नाहीं.

कसरतीचें विमान हा आधार काढून घेतें. त्याचे पंख धडाच्या मध्यावर किंवा तळाशीं असून जवळजवळ सरळ असतात, आणि छेद वर-खालीं सारखाच फुगीर असतो. तें जसें ठेवावें तसें राहतें: कलतें ठेविलें तर कलतें, उताणें ठेविलें तर उताणें. स्वतःचें मत म्हणून त्याला नाहीं. अशा विमानावर चूक कोणाची याविषयीं वाद उरत नाहीं, आणि शिक्षक या नात्यानें आम्हांस त्याचा हाच गुण सर्वांत मोठा वाटतो. हल्लीं पुष्कळ तयार विमानांत तोल संभाळणारें एक इलेक्ट्रॉनिक यंत्र, ज्याला जायरो म्हणतात, बसविलेलें असतें. तें असावयास हरकत नाहीं. मात्र बटनानें बंद करतां येईल असेंच घ्यावें, आणि अर्धा वेळ तरी तें बंद ठेवूनच उडवावें. एरव्हीं पुन्हां अन्वयाचें पुस्तक उघडें राहिलें.

मुंबईच्या काकांनीं हेरलेलें लढाऊ विमान या कसोटीस उतरत नाहीं. दिसावयास तें मोठें देखणें असतें, यांत शंका नाहीं. पण खऱ्या विमानाशीं साम्य राखण्यासाठीं त्याचे पंख टोंकाकडे निमुळते व अरुंद ठेवावे लागतात, आणि वजन थोड्या जागेवर येतें. गति मंदावली कीं अशा पंखाचें एक टोंक आधीं धीर सोडतें व विमान एकाएकीं त्या कुशीवर कोसळतें. हें बहुधा उतरण्याच्या वेळीं, जमीन चार हातांवर असतां घडतें, तेव्हां सांवरण्यास अवकाशही नसतो. तें काकांनीं स्वतःच्या दिवाणखान्यांत ठेवावें. दुसरें टोंक म्हणजे ज्याला मुलें थ्रीडी म्हणतात तें विमान, जें प्रोपेलरवर लोंबकळत आकाशांत उभें राहतें. त्याच्या हलत्या पट्ट्या अवाढव्य, शक्ति वजनाहून अधिक, आणि किंचित् बोट हललें तरी तें गिरकी घेतें. जत्रेंतली कसरत पाहून मुलांना तेंच हवें असतें. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं अवश्य घ्यावें.

या दोहोंच्या मध्यें एक कुरूप घराणें आहे, आणि आमचा कौल त्याला आहे. १९६० नंतरच्या दशकांत फिल क्राफ्ट या अमेरिकन गृहस्थानें एक विमान आंखलें. त्याला नांवच अग्ली स्टिक, म्हणजे कुरूप काठी, असें पडलें. पेटीसारखें धड, आयताकृति सरळ पंख, दोन्ही बाजूंनीं सारखा छेद, सौंदर्याचा लवलेश नाहीं. हाच क्राफ्ट १९६७ सालीं दुसऱ्या एका विमानावर रेडिओ-कसरतींत जगज्जेता झाला, तेव्हां ज्याला विमान कळतें तोच कुरूप विमान आंखूं शकतो असें म्हणावयास हरकत नाहीं. त्या काठीचीं अनेक रूपें आजही मिळतात व घरींही बनवितां येतात. आयताकृति पंखाचा लाभ असा कीं, गति कमी झाली तर तो टोंकापासून न ढळता मुळाकडून ढळूं लागतो. विमान नाक खालीं करून आधीं सूचना देतें.

माप सांगावयाचें तर पंखाची एकूण लांबी एक मीटरहून थोडी अधिक असावी. याहून लहान विमान वाऱ्यांत नाचतें व दूर गेल्यावर दिसत नाहीं. फार मोठें झालें तर खर्च व धोका दोन्ही वाढतात. दुकानांत नेतांना मुलानें एक पट्टी बरोबर न्यावी. समजा, पंख ११० सेंटिमीटर लांब व २० सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे क्षेत्रफळ २,२०० चौरस सेंटिमीटर झालें. बॅटरीसह वजन १,००० ग्रॅम असेल, तर दर १०० चौरस सेंटिमीटरांवर सुमारें ४५ ग्रॅम भार पडतो. हा आंकडा पन्नाशीच्या आंत असलेला बरा. त्याच लांबीच्या पण निमुळत्या पंखाच्या लढाऊ विमानाचा हिशेब करून पाहावा. तो सत्तरीकडे जातांना दिसला तर काकांशीं वाद घालण्याची गरजच राहणार नाहीं.

मोटर विजेचीच असावी. एक किलो वजनास सुमारें ३०० वॅट शक्ति असली म्हणजे पहिल्या वर्षाच्या सर्व कसरतींस ती पुरते. तीन घटांची ११.१ व्होल्टची, २,२०० मिलिअँपिअर-तासांची लिथियम-पॉलिमर बॅटरी अशा विमानास योग्य. थ्रॉटल संभाळून वापरला तर तिजवर सहा-सात मिनिटें उड्डाण होतें. एकच बॅटरी घेऊन शेतावर जाणें व्यर्थ आहे, तीन असाव्या.

अंग कशाचें असावें? बाल्सा लांकडाचें विमान हाताळतांना आम्हांस स्वतःस फार आनंद होतो, परंतु तें पडलें कीं काडीकाडी होते. पहिलें विमान लवचीक फोमचें, विशेषतः ईपीपी या जातीच्या फोमचें असावें. तें आपटलें तर वांकतें, चिरतें, आणि योग्य त्या गोंदानें त्याच रात्रीं जोडतां येतें. याहूनही स्वस्त मार्ग म्हणजे जाहिरातींच्या फलकांस लागणारे सनपॅकचे पोकळ प्लॅस्टिक पत्रे. त्यांचीं विमानें थोडीं जड होतात, पण आपल्या देशांतील पुष्कळ होतकरू मुलें त्यांवरच शिकलीं आहेत. आणि मोडलेल्या पंखाऐवजीं दुसरा कापून बसविणें एका संध्याकाळचें काम असतें.

पैशाची वांटणी करतांना बहुतेक घरीं उलटा न्याय लावतात: विमान भारी आणि उरल्या रकमेंत बाकीचें. आम्ही म्हणूं कीं हातांतला ट्रान्समीटर व बॅटरीचा चार्जर हीं भारी घ्यावीं, विमान साधें घ्यावें. विमान एक-दोन वर्षांत संपेल. चांगला ट्रान्समीटर पांच-सात विमानें पाहील. तो २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा व निदान सहा मार्गांचा असावा. दांडी मध्यावर असतांना हालचाल मृदु ठेवणारी, ज्याला एक्स्पो म्हणतात ती सोय, आणि पट्ट्यांची हालचाल बटनानें कमी-अधिक करण्याची सोय त्यांत अवश्य पाहावी. आपल्याकडे बहुधा थ्रॉटल डाव्या हातीं असतो. शेजारीं शिकविणारा कोणी असेल, तर दोघांची मांडणी एकच असल्याची खात्री करून मगच पैसे मोजावे.

आतां आपल्या मुलखाचा विचार केला पाहिजे, कारण पुस्तकांतील विमानें गुळगुळीत धांवपट्टीवरून उडतात आणि आपल्या वांट्यास भाताचीं शेतें येतात. कापणीनंतर सावित्री व गांधारी यांच्या कांठचीं महाडचीं शेतें सपाट दिसतात खरीं. पण दोन बांधांमधलें अंतर कित्येकदां चाळीस पावलांहून अधिक नसतें, आणि धसकटांत लहान चाक अडकून विमान कोलमडतें. तेव्हां हातानें सोडतां येईल व पोटावर उतरवितां येईल असेंच विमान निवडावें. चाकें काढतां-घालतां येणारीं असावीं. पोटावर उतरतांना जमिनीस स्पर्श होण्याआधीं मोटर बंद करावी, आणि तरीही प्रोपेलर तुटतील म्हणून अर्धा डझन जवळ बाळगावे. वरकस माळ मिळाला तर उत्तमच, फक्त विजेच्या तारा पाहून घ्याव्या.

पोलादपूरकरांस एक अडचण अधिक आहे. पूर्वेस आंबेनळीचा घाट महाबळेश्वराकडे चढतो, दक्षिणेस कशेडी. डोंगर अंगावर आल्यासारखे उभे. वारा कड्यावरून उतरतो तो सरळ उतरत नाहीं, ओढ्यांतल्या खडकामागचें पाणी जसें उलटसुलट फिरतें तसा फिरतो. डोंगराच्या आडोशास वारा लागत नाहीं म्हणून मुलें तेथेंच उडवूं पाहतात. तीच जागा सर्वांत वाईट. खोऱ्याच्या मध्यावर, उघड्यावर, सकाळीं नवाच्या आंत उडवावें. घारी पंख न हलवितां वर चढूं लागल्या कीं हवा तापली असें समजून खेळ आटोपता घ्यावा.

आणि पावसाळा? आषाढ ते आश्विन आपल्याकडे विमान बाहेर काढण्याची सोय नाहीं. परंतु हा चातुर्मास फुकट जाऊं देऊं नये. संगणकावर विमान उडविण्याच्या सरावाचे कार्यक्रम मिळतात व त्यांस खरा ट्रान्समीटर जोडतां येतो. विमान आपल्याकडे तोंड करून येऊं लागलें कीं उजवें-डावें उलट होतें, हा गोंधळ ज्याच्या बोटांतून गेला नाहीं त्यानें नवें विमान हातीं घेऊं नये. आणि तो संगणकावर एक पैसा न मोडतां जातो. आमच्या मतें ट्रान्समीटर आतां घ्यावा, विमान कापणीनंतर घ्यावें. आजोबांना यांत विलंबाचा आनंद मिळेल, मुलाला चार महिन्यांचा अभ्यास.

अभ्यासाचा क्रम कोणता? होसे लुईस आरेस्ती या स्पॅनिश वैमानिकानें कसरती लिहून दाखविण्याची एक चिन्हलिपि तयार केली, ती जगभर चालते. आरंभीं लहानसें वर्तुळ, शेवटीं आडवी रेघ. सरळ उड्डाणास अखंड रेषा, उताण्यास तुटक. ज्यांनीं लघु-गुरूंच्या खुणा मांडून वृत्तें ओळखलीं आहेत, त्यांना ही लिपि एका बैठकींत येईल. मुलानें प्रत्येक उड्डाणापूर्वीं वहींत तीन चिन्हें काढावीं व तेवढेंच करावें. पहिले दोन आठवडे वाऱ्याच्या दिशेनें नुसत्या सरळ रेषा. हें नीरस वाटतें, पण जो सरळ उडूं शकत नाहीं त्याचें वर्तुळ वांकडें निघतें. मग लूप, म्हणजे उभें वर्तुळ: पंख समतल ठेवून आंत शिरावें, चढतांना शक्ति वाढवावी, माथ्यावरून उतरतांना कमी करावी. मग रोल, म्हणजे लांबीच्या अक्षावर एक पूर्ण गिरकी: आधीं नाक थोडें उचलावें आणि उताणें होतांच दांडी किंचित् पुढें ढकलावी, नाहींतर नाक जमिनीकडे झुकतें. त्यानंतर उताणें उड्डाण. भोवरा सर्वांत शेवटीं, भरपूर उंचीवर.

उताण्या उड्डाणाविषयीं एक गोष्ट मुलाकडून पाठ करून घ्यावी, कारण पुष्कळ विमानें येथेंच जातात. घाबरलेला हात दांडी मागें ओढतो. इतके दिवस मागें ओढल्यानें विमान वर गेलेलें असतें. विमान उताणें असतां मागें ओढणें म्हणजे जमिनीकडे ओढणें. तेथें काहीं सुचेनासें झालें तर आधीं कुशीची दांडी दाबून विमान सुलटें करावें, मग नाक उचलावें. संगणकावर हें शंभरदां घोटून घ्यावें. भीति वाटतांना बुद्धि उशिरा येते, संवय आधीं येते.

तोलाविषयीं थोडेंसें. आयताकृति पंखाच्या पुढल्या कडेपासून रुंदीच्या चौथ्या हिश्शाच्या किंचित् मागें, २० सेंटिमीटर रुंदी असेल तर पांच ते सहा सेंटिमीटरांवर, बोटें टेकवून विमान उचललें असतां तें आडवें राहिलें पाहिजे. शेपटीकडे जड असलेलें विमान हातांतून सोडूंच नये.

आईनें विचारलें नाहीं, पण तिला सांगणें अवश्य आहे, असें बॅटरीचें प्रकरण. लिथियमची बॅटरी बिघडली तर पेट घेते आणि ती आग सहजीं विझत नाहीं. तिच्यासाठीं असलेल्या चार्जरवरच, २,२०० च्या बॅटरीस २.२ अँपिअरहून अधिक वेग न ठेवतां, कोणीतरी जागें व समोर असतांना, अंगणांतल्या फरशीवर ती भरावी. माजघरांत, गाद्यांजवळ किंवा रात्रीं निजतांना कदापि नव्हे. दर घट ४.२ व्होल्टपर्यंत भरतो. आठवडाभर उडवावयाचें नसेल तर ३.८ व्होल्टच्या सुमारास आणून ठेवावा. फुगलेली बॅटरी पुन्हां वापरूं नये. चैत्र-वैशाखांत बंद मोटारींत ती विसरूं नये. आणि बॅटरी जोडली कीं प्रोपेलर केव्हांही फिरेल असें धरून त्याच्या पुढें किंवा रेषेंत कोणीं उभें राहूं नये. त्याची धार बोट कापण्यास पुरेशी असते. बघ्यांनीं उडविणाऱ्याच्या मागें बसावें.

कायद्याकडेही दुर्लक्ष करूं नये. २०२१ च्या ड्रोन-नियमांनीं अशीं उडतीं यंत्रें वजनावरून विभागलीं. २५० ग्रॅमच्या वर ते २ किलोपर्यंतचें यंत्र सूक्ष्म वर्गांत पडतें, आणि करमणुकीच्या किंवा शिक्षणाच्या विमानानें उडविणाऱ्याच्या डोळ्यांच्या टप्प्यांतच राहिलें पाहिजे, असें त्यांत ठरलें. मोकळ्या हिरव्या क्षेत्रांतही उंची १२० मीटरांच्या आंत ठेवावी. नियम बदलत असतात, म्हणून विकत घेण्यापूर्वीं नोंदणीची व क्षेत्राच्या नकाशाची ताजी माहिती पाहून घ्यावी, व पोलिसचौकींत आणि शेताच्या मालकास आधीं सांगून ठेवावें. रायगडाच्या माथ्यावर नेऊन उडविण्याची हौस मनांतच राहूं द्यावी. तो संरक्षित किल्ला आहे आणि तेथें यात्रेकरूंची गर्दी असते.

पत्राच्या तळाशीं, बहुधा दुसऱ्याच हातानें, एक ओळ लिहिलेली आहे: मुलाची धाकटी बहीण सातवींत आहे, तिलाही शिकावयाचें आहे, तर चालेल काय? अवश्य चालेल. तिच्यासाठीं भावाचें जुनें शिकाऊ विमान मोडींत न काढतां ठेवावें. दोन ट्रान्समीटर एकमेकांस जोडून एकावरून शिष्यानें उडवावें व अडचण येतांच दुसऱ्यावरून गुरूनें बटन सोडून ताबा परत घ्यावा, अशी सोय पुष्कळ कंपन्यांच्या यंत्रांत असते. मात्र त्यासाठीं दोन्ही यंत्रें एकमेकांशीं जुळणारीं लागतात. काकांना विमानाऐवजीं हा दुसरा ट्रान्समीटर आणावयास सांगावा, आणि आणण्यापूर्वीं मुलानें घेतलेल्या पहिल्याचें नांव व नमुना त्यांना लिहून कळवावा.